शीतपाद आणि स्पर्शपरीक्षा : महाडच्या संशोधनातून घ्यावयाचा धडा

प्रास्ताविक

"पाय गार पडतात" ही तक्रार आपल्यापैकी कोणालाच नवी नाही. महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवरून येणारे वयस्क रुग्ण पावसाळ्यात आणि थंडीच्या दिवसांत ती हटकून सांगतात. आपणही वातप्रकोप, अग्निमांद्य अथवा पांडुता असा विचार करून अभ्यंगास तेल, शेक आणि एखादा गुग्गुळकल्प लिहून देतो. पुष्कळदा त्याने रुग्णास बरे वाटते. परंतु काही रुग्णांत पायाचे हे गारपण वातवृद्धीचे सामान्य लक्षण नसते, तर पायाकडे जाणारे रक्तच अडल्याची ती खूण असते. अशा वेळी आपण दिलेला शेक रुग्णाचे बोट, पाऊल किंवा पाय घेऊन जाऊ शकतो.

हे मी ग्रंथाधारे लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील डोंगराळ भागातून साठीच्या आसपासचे एक शेतकरी माझ्याकडे आले. चाळीस वर्षांची बिडी, नुकताच आढळलेला मधुमेह. चढावर निघाले की पोटरी भरून येते, थांबले की मोकळी होते, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. मी ते ऐकले आणि केसपेपरवर 'गृध्रसी' असे लिहून मोकळा झालो. तेल व शेक सांगितला. पायातील नाडी पाहिली नाही. घरी गरम पाण्याच्या पिशवीने पाऊल भाजले. ते भाजल्याचे त्यांना रात्रभर कळलेही नाही. फोड फुटला, व्रण भरेना, तिसऱ्या आठवड्यात करंगळी काळी पडली. मुंबईस दोन बोटे काढावी लागली. त्या रुग्णाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु त्या दिवसापासून रुग्णाचे मोजे उतरविल्याखेरीज मी पायाची तक्रार लिहून घेत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हा धडा इतर वैद्यबंधू-भगिनींना रुग्णाच्या बोटांच्या मोलाने शिकावा लागू नये.

शास्त्रविचार

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी स्पर्शन आपण आज नाडीपुरते आणि उदरापुरते ठेवले आहे. चरकाचार्यांनी मात्र इंद्रियस्थानातील तिसरा अध्याय, परिमर्शनीय इंद्रिय, केवळ स्पर्शगम्य अरिष्टांना वाहिला आहे. वैद्याने आपल्या प्रकृतिस्थ हाताने रुग्णाचे सर्व शरीर स्पर्शून पाहावे, किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, असा तेथे निर्देश आहे. पुढे जी लक्षणे दिली आहेत त्यांत दोन आपल्या विषयास थेट लागू पडतात : सतत स्पंदन पावणाऱ्या प्रदेशांचे स्पंदन थांबणे आणि नित्य उष्ण असणाऱ्या भागांना शैत्य येणे. मूळ संदर्भ आसन्नमरण रुग्णाचा आहे, हे लक्षात ठेवावे. तथापि स्पंदन व ऊष्मा ही दोन्ही एकत्र तपासावयाची असतात, ही दृष्टी आजच्या रक्तवाहिनी-चिकित्सेच्या दृष्टीशी तंतोतंत जुळते.

'प्रकृतिस्थ हात' या शब्दातही व्यवहार आहे. नुकतेच थंड पाण्याने धुतलेल्या हाताला रुग्णाचा पाय उष्ण भासतो आणि चहाचा पेला धरलेल्या हाताला तोच पाय गार वाटतो. म्हणून तपासणाऱ्याचा हात आधी स्वाभाविक असला पाहिजे.

त्वचेतील रक्ताभिसरण : थोडक्यात

त्वचेला मिळणारे रक्त केवळ तिच्या पोषणासाठी नसते. शरीराची उष्णता राखणे व टाकणे हे त्याचे मोठे कार्य आहे. विश्रांतीत संपूर्ण त्वचेतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून कमी रक्त वाहते, तर कडक उष्म्यात हेच प्रमाण सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. तळहात, तळपाय व बोटांची टोके येथे धमनी आणि शिरा यांना केशवाहिन्या टाळून जोडणारे आडमार्ग असतात. त्यांचे दार स्वायत्त मज्जासंस्थेच्या, म्हणजे सिंपथेटिक तंतूंच्या, ताब्यात असते. थंडी, भीती वा वेदना यांमुळे ते दार मिटते आणि हातपाय गार पडतात.

यावरून शीतपादाची दोन निराळी कारणे लक्षात येतात. पहिल्यात वाहिनी निरोगी असते, परंतु तिला आकुंचनाची आज्ञा मिळालेली असते. दुसऱ्यात आज्ञा काहीही असो, वाहिनीच आतून अरुंद झालेली वा बुजलेली असते. पहिली अवस्था काही तासांत उलटू शकते. दुसरी वर्षानुवर्षे वाढत जाते. दोन्हींत हाताला गारवाच लागतो. फरक इतिवृत्ताने आणि पायाच्या नाडीने कळतो.

पहिला प्रकार : विंचूदंश आणि महाडचे कार्य

पहिल्या प्रकाराचा सर्वांत तीव्र नमुना आपल्याच परिसरात अभ्यासला गेला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, त्यातही मुले, दगावत होती. रुग्णाशेजारी बसून केलेल्या निरीक्षणांवर आधारित त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. हृदयावर आघात होण्यापूर्वी वांत्या, भरपूर घाम, मुलांमध्ये व पुरुषांत शिश्नाचे दीर्घकाळ ताठरणे आणि थंड हातपाय ही पूर्वसूचक लक्षणे दिसतात, हे या निरीक्षणांतून पुढे आले.

कारणमीमांसा अशी. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या सोडियम व पोटॅशियम वाहिन्यांत बिघाड करते. त्यामुळे शरीरात कॅटेकोलामाइन द्रव्यांचा लोंढा सुटतो. अल्फा ग्राहकांद्वारे सर्वत्र रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. हातापायांचा गारवा ही या आवळण्याची त्वचेवर उमटलेली खूण होय. हे अल्फा ग्राहक रोखणारे प्राझोसिन हे औषध वापरण्याविषयी डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे लेखन १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र विषबाधेतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते, ते प्राझोसिननंतर एका टक्क्याच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, उपचार केव्हा थांबवावयाचा याची त्यांनी दिलेली कसोटी साधी आहे : हातपाय उष्ण व कोरडे व्हावेत आणि हातापायावरील शिरा सहज दिसू लागाव्यात. या कसोटीस कोणतेही यंत्र लागत नाही. हात आणि डोळे लागतात, आणि दर काही वेळाने पुन्हा पाहण्याची चिकाटी लागते.

पुढे २०११ च्या प्रारंभी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडच्या रुग्णालयातील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या श्रेणीची विषबाधा असलेले ७० रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले होते. ३५ जणांना विंचवाचे प्रतिविष व प्राझोसिन, तर ३५ जणांना केवळ प्राझोसिन दिले. दहा तासांनी लक्षणसमुच्चय पूर्ण निवळलेले रुग्ण पहिल्या गटात ३२, म्हणजे ९१.४ टक्के, तर दुसऱ्यात ८, म्हणजे २२.९ टक्के होते. पूर्ण बरे होण्यास सरासरी अनुक्रमे ८ तास व १७.७ तास लागले. निवळण्याच्या व्याख्येत घाम, लाळ, रक्तदाब, नाडीगती यांच्या जोडीने थंड हातपाय हेही लक्षण होते.

या चाचणीकडे अभ्यासकाच्या नजरेनेही पाहावे. ती खुली होती. कोणाला काय दिले हे वैद्यांना ठाऊक होते. हाताने ठरविलेल्या लक्षणांत अशा वेळी नकळत कल शिरू शकतो. म्हणून स्पर्शाचे लक्षण संशोधनात वापरताना व्याख्या, वेळ आणि नोंद आधी ठरवावी लागते. पण त्याचबरोबर हेही खरे की, तालुक्याच्या गावी, साध्या साधनांनी, जगाने दखल घ्यावी असे संशोधन होऊ शकते.

विंचूदंशात आपले कर्तव्य स्पष्ट आहे. सुश्रुतांनी विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे भेद सांगून मध्य व उग्र विषाचा दंश सर्पदंशाप्रमाणे हाताळावा असे म्हटले आहे; अर्थात गांभीर्य ओळखणे हे पहिले कर्म. दंशानंतर घाम, वांती, लाळ वा थंड हातपाय दिसताच रुग्णास विलंब न करता रुग्णालयात धाडावे. घट्ट दोरी बांधू नये, छेद घेऊ नये, मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू देऊ नये. दंशाची वेदना ओसरली म्हणजे धोका टळला असे समजू नये.

दुसरा प्रकार : परिसरीय धमनीरोग

पायाच्या धमन्या मेदसंचयाने अरुंद होण्याच्या विकारास आधुनिक वैद्यक पेरिफेरल आर्टेरियल डिसीज म्हणते. २०१० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना तो होता असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब व वाढलेले मेद ही त्याची प्रमुख कारणे. याशिवाय तरुण, बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत दिसणारा बर्जरचा रोग आपल्या देशात विशेष आढळतो. त्यात मध्यम व लहान धमन्यांचा दाह होऊन त्या बुजतात. लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. तंबाखू पूर्णपणे सोडल्याखेरीज त्यावर कोणताही उपचार टिकत नाही.

या रोगास एखादे संहितोक्त नाव चिकटविण्याची घाई करू नये. मार्गावरोधजन्य वात, रक्तावृत वात, वातरक्त, प्रमेहोपद्रव या सर्वांत त्याच्या छटा सापडतात. पण नाव सापडल्याने धमनी उघडत नाही.

माझी चूक ज्या ठिकाणी झाली तो व्यवच्छेद येथे मांडतो. धमनीरोगात ठराविक अंतर चालल्यावर पोटरी धरते आणि नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत सुटते. कण्यातील अवरोधामुळे होणाऱ्या वेदनेस बसावे वा पुढे वाकावे लागते. गृध्रसीची वेदना कटीपासून पायात उतरते आणि पाय सरळ उचलताना वाढते. डोंगरउतारावरच्या रुग्णास "किती चालता?" असे विचारण्यापेक्षा "घरापासून कोणत्या टप्प्यावर थांबावे लागते आणि गेल्या वर्षी कोठे थांबत होता?" असे विचारावे. उत्तर अचूक मिळते.

पायाची तपासणी : पाच मिनिटांचा क्रम

१. रुग्णास पादत्राणे व मोजे काढून पंधरा मिनिटे बसवावे. चिखलातून वा पावसातून आलेल्याचे पाय पुसून कोरडे करावेत.

२. बोटांच्या मागील बाजूने दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली एकाच वेळी स्पर्शावेत. दोन्ही गार असण्यापेक्षा एकच गार असणे अधिक अर्थपूर्ण आहे. गारवा कोठून सुरू होतो ती पातळी लिहावी.

३. पावलाच्या पाठीवरील व आतील घोट्यामागील नाडी पाहावी. पाठीवरील नाडी काही निरोगी व्यक्तींतही लागत नाही. घोट्यामागची न लागणे अधिक गंभीर.

४. अंगठ्याचे टोक पाच सेकंद दाबून सोडावे. रंग परतण्यास दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास नोंद घ्यावी. थंड खोलीत हा काळ स्वभावतः वाढतो.

५. उताण्या रुग्णाचे दोन्ही पाय सुमारे ४५ अंश उचलून एक-दोन मिनिटे धरावेत. पांढुरके पडल्यास पाय खाटेखाली सोडून बसवावे. रंग सावकाश परतून पाऊल तांबडे-जांभळे होणे हे अवरोधाचे लक्षण होय. ही लाली पाहून रक्तदुष्टी वा पित्तप्रकोप समजून जळवा लावल्या, तर मोठा अनर्थ होतो.

६. बोटांच्या बेचक्या, टाचा व नखे व्रणासाठी पाहावीत.

शक्य तेथे लहान डॉप्लर यंत्राने घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे. ०.९० वा त्याहून कमी म्हणजे धमनीरोग, १.०० ते १.४० प्राकृत, १.४० च्या वर असल्यास धमनी कडक झाल्याने आकडा भरवशाचा नाही, आणि मधुमेहींत असे वारंवार घडते.

उष्ण पायही फसवतो

स्पर्शाची मर्यादा सांगितली नाही तर हा लेख अपुरा राहील. दीर्घकालीन मधुमेहात पायाचे स्वायत्त तंतू निकामी होतात, वर सांगितलेले आडमार्ग उघडेच राहतात आणि रक्त केशवाहिन्यांना टाळून निघून जाते. असा पाय हाताला उबदार लागतो, शिरा फुगलेल्या दिसतात, पण पेशी उपाशी असतात. विंचूदंशाच्या डॉ. बावस्करांच्या श्रेणीकरणातही चौथ्या, सर्वांत गंभीर श्रेणीत रक्तदाब कोसळलेला असूनही हातपाय उष्ण असतात. म्हणजे उष्णता नेहमीच सुचिन्ह नव्हे. चरकोक्त जोडी येथे कामी येते : ऊष्मा व स्पंदन दोन्ही पाहावीत, एकावर विसंबू नये.

काय करू नये

नाडी न लागणाऱ्या वा संवेदना हरपलेल्या पायावर पिंडस्वेद, उपनाह, गरम पाण्याची पिशवी, अग्निकर्म, सिरावेध, जलौका आणि घट्ट पट्टबंधन ही सर्व वर्ज्य समजावीत. चरकाचार्यांनी स्वेदास अयोग्य व्यक्तींत मधुमेहीची गणना स्पष्टपणे केली आहे. तो निषेध आपण वाचतो आणि विसरतो. जोरकस मर्दनही टाळावे.

पाय अचानक गार, पांढरा, वेदनायुक्त व नाडीरहित झाला, त्यात मुंग्या आल्या वा तो हलेनासा झाला, तर ही तातडीची अवस्था आहे. हाताशी साधारण सहा तास असतात. आपल्या भागातून मोठे शहर गाठण्यासच त्यातील बराच काळ जातो, म्हणून 'उद्या पाहू' हा शब्द उच्चारू नये. पाय कापसात सैल गुंडाळून, शेक न देता, पाठवावा आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनी करावा.

ज्यांना व्रण, विश्रांतीतील वेदना वा काळेपणा नाही, अशांना चालण्याचा व्यायाम हाच उत्तम उपाय ठरला आहे. वेदना होईपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, बारा आठवडे. तंबाखू सर्वथा बंद. प्रमेहाचे व रक्तदाबाचे नियंत्रण. आधुनिक वैद्याने सुरू केलेली औषधे आपण बंद करू नयेत. आपले गुग्गुळ, लशुन इत्यादी कल्प रुग्णप्रकृती पाहून जोडीस देता येतील; पण त्यांनी धमनी उघडेल असे आश्वासन रुग्णास देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पोटरीच्या दुखण्यास वारंवार वेदनाशामक नेणारा बिडीबाज गिऱ्हाईक तुमच्याच दुकानात प्रथम येतो. त्यास "चालताना दुखते की बसल्यावरही?" एवढे विचारून वैद्याकडे पाठवावे. मधुमेहीस कुरूप जाळण्याच्या पट्ट्या परस्पर देऊ नयेत. त्यांतील आम्ल बधिर, रक्तहीन त्वचेस व्रण करते. गरम पिशवी विकतानाही हाच विवेक ठेवावा. विंचूदंशासाठी प्राझोसिनची चिठ्ठी आल्यास साधी गोळी आणि मंदगतीने औषध सोडणारी गोळी यांत गल्लत करू नये. दुसरी मोडून देऊ नये. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून हे औषध घरी नव्हे, रुग्णालयात देखरेखीखालीच दिले जावे.

उपसंहार

महाडच्या कार्याचा खरा धडा माझ्या मते औषधाचा नसून नोंदीचा आहे. थंड हातपाय शेकडो वैद्यांनी पाहिले असतील. लिहून ठेवले, वेळ घातली, पुन्हा पाहिले आणि ताडून पाहिले, म्हणून त्यातून शास्त्र उभे राहिले. आपल्या सभासदांनी निदान चाळिशी ओलांडलेल्या तंबाखूसेवी व मधुमेही रुग्णांची एक साधी वही ठेवावी, ही विनंती. वय, व्यसन, प्रमेह, थांबण्याचा टप्पा, दोन्ही पायांचा स्पर्श, चारही नाड्या, रंग परतण्याचा काळ, व्रण, दिलेला सल्ला आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती, एवढे दहा रकाने पुरेत. रुग्णाचे नाव बाहेर जाऊ देऊ नये. वर्षाअखेरीस या वह्या एकत्र बसून वाचल्या, तर आपल्या दोन तालुक्यांत हा विकार कोणत्या रूपाने येतो, याचे आपल्याच हातचे उत्तर मिळेल.

माझ्या त्या रुग्णाच्या केसपेपरवर आजही 'गृध्रसी' हाच शब्द आहे. तो मी खोडलेला नाही. त्याखाली नंतर एक ओळ मात्र लिहिली : उजव्या घोट्यामागील नाडी पाहिली नव्हती.

इत्यलम्।